चार बाटल्यांची साक्ष

मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून बसलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत जंतूंनी ठाणे दिले आहे किंवा नाही, याचा फैसला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतांशी डॉक्टरांच्या बोटाच्या स्पर्शावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पूयपेशींच्या संख्येवर होत असे. परंतु पूयपेशी दाहाचा दाखला देतात, जंतूंचा नव्हे, आणि ग्रंथीचा स्राव मूत्रमार्गातूनच बाहेर येत असल्यामुळे वाटेतले जंतू त्यात मिसळून ग्रंथीवर नाहक आळ येण्याचा संभव सदैव असे.

हा गुंता 1968 साली अमेरिकेत मीअर्स आणि स्टेमी या मूत्ररोगतज्ज्ञांनी उलगडला, तो नव्या यंत्राने नव्हे, तर तुलनेच्या शिस्तीने. लघवीचे पहिले दहा मिलिलिटर एका बाटलीत घ्यावयाचे, तो मूत्रमार्गाचा नमुना. मधली धार दुसरीत, तो मूत्राशयाचा. मग रुग्णाने धार रोखावयाची, गुदद्वारातून बोटाने ग्रंथीचे मर्दन करून टपकणारे थेंब तिसऱ्या पात्रात धरावयाचे, आणि त्यानंतरच्या लघवीचे पहिले दहा मिलिलिटर चौथ्यात. शेवटच्या दोहोंत पहिल्या दोहोंच्या किमान दसपट जंतू वाढले, तर संसर्ग ग्रंथीतलाच. मूत्राशयातच जंतू माजले असतील, तर लघवीत उतरणारे पण ग्रंथीत फारसे न शिरणारे नायट्रोफ्युरँटॉइन काही दिवस देऊन मग परीक्षा घ्यावी, ही त्यातील तजवीज मला विशेष मार्मिक वाटते. मात्र थंडी वाजून ताप भरलेल्या तीव्र विकारात मर्दन निषिद्धच, कारण त्याने जंतू रक्तात पसरण्याची भीती असते. तेथे लघवीच्या आणि गरजेनुसार रक्ताच्या तपासणीवरच भिस्त ठेवावी लागते.

पुढे 1995 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत प्रोस्टेटच्या या दाहविकाराचे चार वर्ग ठरले, आणि जुनाट तक्रारी घेऊन येणाऱ्या पुरुषांपैकी फार थोड्यांनाच, सुमारे दहांत एकाला, जंतुसंसर्ग असतो, हे मत रूढ झाले. चार बाटल्यांचा खटाटोप व्यवहारात फारसा कोणी करीना, म्हणून 1997 साली कॅनडाच्या निकेल यांनी मर्दनापूर्वीच्या आणि नंतरच्या अशा दोनच नमुन्यांची सुटसुटीत रीत पुढे आणली. तीही टाळून केवळ अंदाजाने आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके देण्याचा रिवाज मात्र अद्याप सुटलेला नाही, आणि तो मला सर्वथा अनुचित वाटतो. ज्याला संसर्गच नाही, त्याच्या पदरी अशाने औषधाचे दुष्परिणाम तेवढे पडतात. म्हणून ज्या वाचकाला हा त्रास असेल, त्याने पहिली गोळी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना कल्चरविषयी, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीविषयी, अवश्य विचारावे.