पायाची प्रत्येक सूज हत्तीपाय नसते

पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा पट्टा. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात कुणाची पोटरी सुजली की पहिला संशय त्याच रोगाचा. संशय वावगा नाही. पण काहींच्या स्नायूतच शिरांचे सदोष जाळे असते, आणि ते ओळखायला वर्षे जातात.

गैरसमज : पाय सुजला म्हणजे हत्तीपायच.
वस्तुस्थिती : हत्तीरोगात लसीकावाहिन्या निकामी होतात. सूज बहुधा पावलावर, घोट्यावर दिसते. पुढे कातडी जाड, खरबरीत होते. शिरांच्या दोषात पाऊल अनेकदा ठीक असते. पोटरीत किंवा मांडीत एकाच जागी मऊ, दाबली तर बसणारा फुगवटा असतो. दिवसभर रोवणी केल्यावर तो फुगतो, ठणकतो. पाय उंच ठेवला की ओसरतो. सुरुवातीच्या हत्तीरोगातही सूज रात्रीतून उतरते, म्हणून एवढ्यावर निदान करू नये.

गैरसमज : मुका मार लागला, त्याची गाठ झाली.
वस्तुस्थिती : शिरांचा दोष जन्मतःच असतो आणि मुलाबरोबर वाढतो. मार लागल्यावर, वयात येताना किंवा गरोदरपणात तो उघड होतो, इतकेच. मालिशने तो जात नाही.

गैरसमज : लहानपणीची रक्तगाठ आपोआप जिरते.
वस्तुस्थिती : जिरतो तो तान्ह्या बाळांचा हिमँजिओमा. मलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी 1982 मध्ये हा फरक स्पष्ट केला : हिमँजिओमात पेशी झपाट्याने वाढतात, तर शिरांच्या दोषात रचनाच बिघडलेली असते. हा दोष जिरत नाही.

गैरसमज : चिरा देऊन किंवा तुकडा काढूनच कळेल.
वस्तुस्थिती : पू समजून चिरा दिला तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतात. आधी डॉप्लर सोनोग्राफी करावी. तीत रक्ताचा वेग कळतो. साध्या एक्स-रेत कधी वाटाण्यासारखे गोल चुनखडे दिसतात. ते शिरेत साकळून कडक झालेले रक्त. दोष स्नायूत किती खोल गेला, हे एमआरआय दाखवतो. गाठ घट्ट असेल, सतत वाढत असेल, तर कर्करोग वगळण्यासाठी तुकडा तपासावा लागतो. पण तोही एमआरआयनंतर.

गैरसमज : ऑपरेशनशिवाय इलाज नाही.
वस्तुस्थिती : त्रास कमी असेल तर घट्ट मोजे पुरतात. त्रास जास्त असेल तर सोनोग्राफीत पाहून शिरेत औषध टोचतात व ती बंद करतात. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांतच करतात.

डॉक्टरांकडे जाताना सूज कधीपासून आहे, कशाने वाढते, कशाने उतरते हे नीट सांगा. सकाळ-संध्याकाळचे दोन फोटो मोबाइलमध्ये असले तर आणखी चांगले.