विचारण्यापूर्वीचा विचार : गुणात्मक माहितीसंकलनाचे नियोजन

मलकापूर-नांदुरा मार्गावरील वडनेर भोलजी येथे आम्ही चिकित्साव्यवसाय करतो. पूर्णाकाठचा खारपाण पट्टा येथून दूर नाही. मूत्रकृच्छ्र, अश्मरी आणि मूत्रपिंडाचे जीर्ण विकार यांचे रुग्ण आमच्याकडे नित्य येतात. त्यांचा आहार, पिण्याचे पाणी आणि पूर्वी घेतलेली औषधे यांचा पद्धतशीर अभ्यास करावा, असे आम्ही व परिसरातील दोन वैद्यबंधूंनी ठरविले आणि चाळीस प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. पहिल्याच आठवड्यात ती अपुरी ठरली.

‘मूत्रदाह होतो काय?’ या प्रश्नाला एका शेतमजूर भगिनीने ‘नाही’ असे उत्तर दिले. कागद मिटल्यावर सहज बोलताना तीच म्हणाली, “उन्हाळी तं दर येचनीले लागतेच डॉक्टरसाहेब, थे काय बिमारी हाय का?” पुढे कळले, की कापसाच्या वेचणीच्या दिवसांत शेतावर आडोसा नसल्यामुळे ती सकाळपासून पाणीच पीत नाही. ‘दिवसाकाठी किती पाणी पिता?’ हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत होता; ‘का पीत नाही?’ हा नव्हता.

दुसरा अनुभव अधिक अस्वस्थ करणारा आहे. कंबरदुखीच्या एका रुग्णास आम्ही ‘अन्य कोणते औषध चालू आहे काय?’ असे प्रत्येक भेटीत विचारीत होतो. उत्तर नकारार्थी असे. रक्तातील क्रिएटिनिन वाढल्याचे आढळल्यावर त्याच्या पत्नीने सांगितले, की आठवडी बाजारातील बिननावाचे चूर्ण तो तीन वर्षे घेत होता. त्याच्या लेखी ती ‘जडीबुटी’ होती, औषध नव्हे. विकाराचे कारण तेच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या नोंदींत त्या चूर्णाचा उल्लेखही नव्हता. रुग्ण खोटे बोलला नव्हता. आमचाच शब्द चुकला होता.

किती जणांना विकार आहे, हे संख्यात्मक अभ्यास सांगतो. लोक त्या विकारास काय म्हणतात, केव्हा आजार मानतात, प्रथम कोणाकडे जातात आणि काय लपवितात, हे गुणात्मक अभ्यासातून कळते. ही दृष्टी आपणांस परकी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात ग्रहणीचे मृदुदारुणत्व, स्वप्ने, इच्छा, आवडनिवड आणि सुखदुःख या गोष्टी रुग्णास विचारूनच जाणाव्यात, असे सांगितले आहे. इतर इंद्रियांनी परीक्षा करण्यास मोकळीक देणारे आचार्य येथे प्रश्नास पर्याय ठेवीत नाहीत.

आपल्याच विदर्भातील उदाहरण बोलके आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र सुमारे ८ टक्केच होत्या. ही संख्या मोठी आहे. तथापि एवढ्या स्त्रिया गप्प का राहिल्या, हे संख्येतून उमगत नाही. त्यासाठी स्त्रियांच्याच शब्दांत त्यांचे शरीर आणि आजार समजून घ्यावे लागतात. श्वेतप्रदराविषयीच्या ग्रामीण स्त्रियांच्या कल्पनांवर या दांपत्याने स्वतंत्र लेखनही केले. डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक वैद्यांनी अवश्य वाचावे.

या अनुभवातून आम्ही आमचे नियोजन नव्याने आखले. त्यातील मुद्दे असे :

१. प्रश्न एकच आणि नेमका असावा. ‘लघवीच्या तक्रारी सुरू झाल्यापासून दवाखान्यात येईपर्यंत माणूस काय काय करतो?’ हा आमचा प्रश्न.

२. कोणास विचारावयाचे, हे हेतुपूर्वक ठरवावे. वेचणीच्या स्त्रिया, फवारणी करणारे पुरुष, रुग्णांचे कुटुंबीय, औषध दुकानदार आणि बाजारात चूर्ण विकणारा, हे सर्व आमच्या यादीत आहेत.

३. पद्धत विषयानुरूप असावी. पाण्याविषयी सहा ते दहा जणांची गटचर्चा चालते. लज्जेच्या विषयास एकान्तातील सखोल मुलाखतच हवी. स्त्रियांची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची, हे ध्यानी ठेवावे.

४. संख्या आधी बांधू नये. नवे काही हाती लागेनासे झाले, की थांबावे. घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखतींवर आधारित २००६ च्या एका अभ्यासात पहिल्या बारा मुलाखतींतच बहुतेक मुद्दे आले होते. मात्र तेथील गट एकजिनसी होता; आमचे गट भिन्न असल्याने प्रत्येकाचा विचार स्वतंत्र करावा लागेल. आणि अशा मुलाखतींतून टक्केवारी मुळीच काढू नये.

५. ध्वनिमुद्रण संमतीनेच करावे व उत्तरे वऱ्हाडीतच उतरवावीत. ‘उन्हाळी’चे भाषांतर ‘मूत्रदाह’ असे लगेच केले, तर हाती आलेले पुन्हा निसटते. एका तासाचे मुद्रण उतरविण्यास अनेक तास लागतात. तो वेळ आधीच धरावा. नीतिसमितीची मान्यता मुलाखतींपूर्वीच घ्यावी आणि रुग्णाचे नाव नोंदीपासून वेगळे ठेवावे.

सहावा मुद्दा आम्हांस सर्वांत जड गेला : विचारणारा कोण असावा? ज्याने औषध दिले त्यानेच ‘गुण आला का?’ असे विचारले, तर संकोचाने ‘आला’ हेच उत्तर मिळते. आणि ज्याच्यापाशी औषधे लपविली, त्याच्यापाशीच ती कबूल कशी करावीत? म्हणून मुलाखती आम्ही स्वतः घ्यावयाच्या नाहीत, असे ठरले. शेजारच्या गावातील, आमच्या चिकित्सालयाशी संबंध नसलेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या भगिनी ते काम करतील. ‘वैद्याने दिलेल्या औषधाने त्रास झाला काय?’ हा प्रश्नही त्यात राहील. एका वैद्यबंधूंनी तो गाळावा असे सुचविले होते. बराच विचार करून तो ठेवला, कारण आपल्याविरुद्ध जाऊ शकणारे उत्तर ऐकण्याची तयारी नसेल, तर त्यास संशोधन म्हणता येणार नाही. ती जाहिरात होय.

वैद्यबंधूंनी आपल्या अभ्यासाची प्रश्नावली छापण्यापूर्वी पाच रुग्णांशी कागदाविना बोलून पाहावे, एवढीच विनंती. आमच्या चाळीस प्रश्नांपैकी आज अकरा उरले आहेत, आणि त्यांतील सात प्रश्न रुग्णांनीच आम्हांस शिकविलेले आहेत.