पिसांच्या मुखवट्यांची निगा

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुले कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात व त्यांवर मोराची किंवा कोंबड्याची पिसे चढवितात. समारंभ आटोपला की मुखवटे खोक्यात जातात. पुढील वर्षी खोके उघडून पाहावे, तो पिसांच्या जागी काड्या व भुगा उरलेला असतो. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

पीस हे केस, नखे व लोकर यांप्रमाणेच केराटिन या द्रव्याचे बनलेले असते. म्हणूनच लोकरीला लागणारी कसर पिसांनाही लागते. नासधूस पतंग करीत नाही, तर अंड्यांतून निघालेल्या अळ्या अंधारात पिसे कुरतडतात. पावसाळ्यातील दमट हवेने लगद्यास बुरशीही येते.

यास्तव मुखवटा ठेवण्यापूर्वी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. कुंचला देठाकडून टोकाकडे फिरवावा. कोंबड्याच्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्याच दिशेने हलके बोट फिरविल्यास विस्कटलेले तंतू पुन्हा जुळतात. पाणी लावू नये. रंगविलेली पिसे उन्हात विटतात, म्हणून मुखवटा सावलीत, वाऱ्यावर कोरडा करावा. नंतर आत स्वच्छ सुती कापडाचा बोळा भरून, पिसे दुमडणार नाहीत अशा ऐसपैस खोक्यात तो ठेवावा. खोके जमिनीपासून उंच व ओलसर भिंतीपासून दूर असावे.

डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नयेत. त्यांची वाफ विषारी असून काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी तिने नाश पावतात. आणि मुखवटा तर मुलाच्या नाकातोंडाशीच येतो. विषापेक्षा नजर बरी. दरमहा खोके उघडून भुगा, कोष वा कुरतडलेले तंतू आहेत काय, हे पाहावे. कसर आढळल्यास पिसे सोडवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत व उणे १८ अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावीत.

मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची हत्या हा गुन्हा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तो पिसारा आपोआप गाळतो. तीच पिसे वापरावीत. नवी पिसे वर्षातून एकदाच मिळतात, हे मुलांना कळले म्हणजे जुनी जपण्याचे मोल त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. खोके तपासण्याचे काम पाळीपाळीने त्यांच्याकडेच सोपवावे.