झाकण खिशात आहे ना?

२०१० साली बंगळूरच्या होसूर रस्त्यावरचा उड्डाणमार्ग खुला झाला, तेव्हा वडिलांचा जुना रेंजफाइंडर गळ्यात अडकवून मी इलेक्ट्रॉनिक सिटी पालथी घातली. छत्तीस फोटो काढले. रोल धुऊन आला तो खिडकीच्या काचेसारखा स्वच्छ! लेन्सवरचं झाकण दिवसभर काढलंच नव्हतं. वेंधळेपणा माझाच, पण कॅमेरा गप्प कसा बसला, या प्रश्नाने मला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद लावला.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, झाकण असलं की अंधार. रेंजफाइंडरची बघायची खिडकी वेगळी. १९५४ च्या लायका एम३ मध्ये तर उजेड मोजणारा मीटरही नव्हता, सांगणार कोण? खरी गंमत मीटर आल्यावरची. १९६६ च्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये मीटरचा डोळा खिडकीशेजारी, अंगावर. लेन्स झाकलेली असली तरी त्याला ऊन दिसतं आणि शटर खुशाल उडतं. फिल्टर लावला तरी त्याला पत्ता नसतो. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, म्हणून ४०० च्या फिल्मला मीटरवरचा फिल्मचा आकडा ५० वर आणायचा. पिवळ्याला साधारण २०० पुरतो.

१९७२ च्या कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ मध्ये हाच डोळा लेन्सच्या कड्यात आला. फिल्टर दोघांवरही बसतो, हिशेब आपोआप होतो. झाकण राहिलं तर ऑटोवर बटणच दबत नाही. सगळा फरक डोळा कुठे बसवला एवढ्याचाच.

मग झाकण फेकून कायमचा यूव्ही फिल्टरच लावावा, असं म्हणणारा एक पंथ आहे. मला तो पटत नाही. लायकाचं शटर कापडी, मध्ये आरसा नाही. उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर ती बिलोरी भिंगासारखी कापडाला भोक पाडते. यूव्ही फिल्टर ते ऊन अडवत नाही. उलट रात्री उड्डाणमार्गावरच्या दिव्यांची भुतं तोच फ्रेममध्ये उलटी उमटवतो, आणि रेंजफाइंडरमधून ती आधी दिसतही नाहीत.

पोलरायझरचं दुखणं तेच. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स कंपनीने १९७८ मध्ये ३३२ एकरांवर वसवायला घेतलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज काचेची आहे, तेव्हा त्याची गरज पदोपदी. मी त्याच्या कड्यावर पांढरा ठिपका दिलाय. फिल्टर डोळ्यासमोर धरून फिरवायचा, काचेवरची चकाकी मावळली की ठिपका घड्याळात किती वाजता आहे ते बघायचं आणि लेन्सवर लावून तो तिथेच आणायचा.

तेव्हा दिवसा आभाळासाठी पिवळा फिल्टर, रात्री उघडी लेन्स, चालताना झाकण. काढलेलं झाकण मी नेहमी डाव्या खिशात टाकतो. खिसा रिकामा लागला, तर बटण दाबत नाही.