श्वानांतील हृदयकृमी : निदान, उपचार व प्रतिबंध

गड नदीकाठच्या मसुरे गावी भातशेती व माडा-पोफळीच्या बागा ह्यांमुळे डासांना पाण्याची वाण नाही. शिवाय हृदयकृमीच्या अळीची डासाच्या शरीरात वाढ होण्यास सुमारे १४ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. ती येथे बाराही महिने लाभते.

दंशानंतर सहा-सात महिन्यांनी ‘डायरोफायलेरिया इमिटिस’ हा कृमी फुप्फुसरोहिणीत प्रौढ होऊन रक्तात सूक्ष्म अळ्या सोडू लागतो. तथापि रक्तात अळ्या दिसल्या म्हणजे हृदयकृमीच झाला, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. भारतात हा कृमी मुख्यत्वे ईशान्य भागात नोंदला गेला आहे; पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर त्वचेखाली राहणारा ‘डायरोफायलेरिया रेपेन्स’ अधिक आढळतो, व दोहोंच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच सारख्या भासतात. म्हणून प्रतिजन-चाचणी अवश्य करावी.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. हृदयकृमीवरील मेलार्सोमीन हे सोमलयुक्त औषध आहे. त्याने मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत अडकून श्वान दगावू शकतो. ह्यास्तव आधी २८ दिवस डॉक्सिसायक्लीन देऊन कृमीच्या आश्रयाने राहणाऱ्या ‘वोल्बाकिया’ जिवाणूंचा नाश करतात, आणि उपचारकाळात श्वानास धावू-खेळू देत नाहीत.

प्रतिबंध मात्र सुलभ आहे. रक्त तपासून दरमहा, वजनाच्या दर किलोग्रॅमला किमान ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन दिल्यास मागील महिन्यात शिरलेल्या अळ्या मरतात. मसुऱ्यासारख्या ठिकाणी हा क्रम केवळ पावसाळ्यापुरता न ठेवता वर्षभर चालविणे इष्ट होय.