जुनी एमजीबी घेतलीत? फेरी नंतर
इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही दोन सीटची स्पोर्ट्स कार शौकीन आजही हौसेने घेतात. गाडी दारात आली की मुले फेरीचा हट्ट धरतात. आम्ही म्हणतो, आधी ती थांबते का ते पाहा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. लांब उतारावर ते तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल नुसतेच खाली जाते. म्हणून आधीचा मालक काहीही सांगो, ऑइल बदला, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या घाला. टायरवर २३०९ असेल तर तो २००९ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी तो काढाच.

१९६७ पर्यंतच्या गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि बॉडीला जोडलेले टोक धन असते. मेकॅनिकला हे आधीच सांगा, नाहीतर सवयीने उलटी जोडणी होते.

रंगावर तर भाळूच नका. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालचे पत्रेच तिचा भार पेलतात. ते गंजले असतील तर पहिला खर्च तिथे.