मुकादमाची सावली आणि पहिलीचा प्रवेश

घरात पैसा बेताचा असला की चार पैसे जास्त मागणारी शाळा मुलाच्या वाट्याला येते आणि मुलगी जवळच्या, फी नसलेल्या शाळेत जाते. हे आपण इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याला पुरावा मागावा, असं कोणाला वाटत नाही. मुंबईतल्या दादरच्या शाळांची एक पाहणी मात्र या समजाला छेद देते. तिच्यात दिसतं ते असं : 1990 नंतरच्या दशकात कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतल्या मराठी कुटुंबांनी मुलींना भराभर इंग्रजी माध्यमात घातलं, आणि त्याच जातींतले मुलगे मोठ्या संख्येने मराठी शाळांतच राहिले. जात तीच, वस्ती तीच, मिळकतही तीच. मग बहिणीची वाट वेगळी का झाली?

हा प्रश्न घेऊन काम करणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग. त्यांचा शोधनिबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात 2006 साली आला. दादर परिसरातल्या 29 पैकी 28 शाळा त्यांच्या पाहणीत होत्या. 1982 ते 2001 या 20 वर्षांत पहिलीत दाखल झालेली मुलं त्यांनी निवडली आणि सुमारे 4,900 मराठी कुटुंबांकडून माहिती घेतली : आई-वडिलांचं शिक्षण काय, कमाई किती, काम कोणतं, ते कसं मिळालं, आणि जात कोणती. मुन्शी यांना पुढे 2016 साली सामाजिक शास्त्रांसाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

ही 20 वर्षं मुंबईसाठी साधी नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. 1991 साली देशाचं आर्थिक धोरण बदललं. एकीकडे भोंगे बंद होत होते आणि दुसरीकडे बँका, विमा कंपन्या, संगणकाच्या कचेऱ्या माणसं मागत होत्या. म्हणजे पहिलीचा अर्ज भरणारे आई-बाप एका बुडत्या आणि एका उगवत्या मुंबईच्या मध्ये उभे होते.

शेत विकून शिकवलेली मुलं

शिक्षण ही गुंतवणूक आहे, हे आज गावच्या पारावरही बोललं जातं. अर्थशास्त्रात मात्र ते रुजायला वेळ लागला. थिओडोर शुल्ट्झ हे अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकऱ्यांच्या मुलाखती घेत फिरताना त्यांना एक गरीब पण समाधानी जोडपं भेटलं. इतक्या गरिबीत एवढं समाधान कसं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की आम्ही गरीब नाहीच; शेत खर्ची घालून चार मुलं शिकवली, आता त्यांचं शिक्षणच कमावेल. शुल्ट्झ यांच्या विचारांना इथून दिशा मिळाली, असं सांगतात. 1960 च्या डिसेंबरात अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘मानवी भांडवला’ची मांडणी केली. गॅरी बेकर यांनी 1964 च्या ग्रंथात तिला गणिताची चौकट दिली. शुल्ट्झ यांना 1979 साली आणि बेकर यांना 1992 साली नोबेल मिळालं.

शेताचा तुकडा विकून मुलाला पुण्याला शिकायला पाठवणारं घर आपल्याला परकं नाही. म्हणून ही मांडणी मराठी माणसाला लगेच पटते. ती सांगते की घर हिशेब करतं. आज फी, वह्या-पुस्तकं, बुडणारी मजुरी. उद्या वाढीव पगार. उद्याचं पारडं जड झालं की मूल शाळेत जातं. स्वतः रोझेन्झ्वाइग यांनी अँड्र्यू फॉस्टर यांच्यासोबत 1996 साली हरितक्रांतीबद्दल हेच दाखवलं होतं. नवं बियाणं आलेल्या भागांत शिकलेल्या शेतकऱ्याला जास्त फायदा होऊ लागला, तेव्हा तिथल्या कुटुंबांनी मुलांना शाळेत जास्त पाठवलं.

या हिशेबाने दादरचं कोडं मात्र सुटत नाही. 2000 च्या सुमारास, तेवढीच इयत्ता शिकलेल्या दोघांपैकी इंग्रजी माध्यमातून आलेल्याची कमाई साधारण पाव पटीने जास्त होती, आणि हा फायदा पुरुषांना होता तसा स्त्रियांनाही होता. फायदा दोघांना असताना मुलगा मागे का राहतो? उत्तरासाठी गिरणगावात जावं लागतं.

मुकादमाचं राज्य

मुंबईच्या गिरण्यांत माणूस भरती करायचा तो मुकादम, म्हणजेच जॉबर. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेला तरुण आधी गाववाल्यांच्या खोलीवर वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि मग कोणीतरी त्याला मुकादमापुढे उभं करायचं. मुकादम दस्तुरी घ्यायचा, पण त्याची अडचणही खरी होती. नव्या माणसाची खात्री कोण देणार? ती द्यायचे नातेवाईक आणि जातभाई. पोरगा चुकला तर बोलणी त्याला आणणाऱ्याने खायची, म्हणून आणणाराही पारखून आणायचा. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात अशी खाती जातवार, गाववार भरत गेली.

ही साखळी आधार देत होती तशीच दारही लावून घेत होती. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावं लागे, आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. आपली माणसं आपल्याला चिकटवतात, या वाक्याची दुसरी बाजू अशी की ती दुसऱ्याला बाहेर ठेवतात.

मुन्शी आणि रोझेन्झ्वाइग यांचं म्हणणं असं की मुकादम गेला, पण त्याची सावली शाळेच्या दारापर्यंत पोचली. ज्या जातींचे पुरुष पिढ्यान् पिढ्या कारखान्यातल्या कामांत होते, त्यांच्या मुलग्याला एक गोष्ट हमखास मिळणार होती : चुलत्याचा, मामाचा, शेजाऱ्याचा शब्द. त्या कामाला मराठी शाळा पुरत होती. इंग्रजी शाळेतून कचेरीत जाणाऱ्या मुलाला तिथे शब्द टाकणारं कोणी नव्हतं. आई-वडिलांचं शिक्षण आणि मिळकत जमेस धरूनही जातीच्या या जाळ्याचा परिणाम मुलग्यांच्या माध्यमनिवडीत दिसत राहिला.

यात आणखी एक गाठ आहे. असं जाळं टिकतं ते माणसं त्यात राहतात म्हणून. चुणचुणीत पोरं बाहेर पडू लागली तर मागे राहिलेल्यांसाठी शब्द टाकणारे कमी होतात. त्यामुळे बाहेर पडणाऱ्याला थोपवावं, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यामागे दुष्टावा नसतो. आपल्यातल्या कमकुवताला सांभाळण्याचीच ती रीत असते. जुनं काम भरवशाचं होतं तोवर ती रीत शहाणपणाची होती. कामाचं मोल घसरलं, कचेरीतल्या पगाराचं वाढलं, तरी रीत तशीच राहिली आणि ज्या मुलग्यांना तिने सांभाळलं त्यांनाच तिने अडवलं.

जिचं नाव यादीत नव्हतं

मुलीचं नाव या यादीत नव्हतंच. तिच्यासाठी मुकादमापुढे कोणी शब्द टाकत नव्हतं, कारण या कुटुंबांतल्या बायका पगारी कामात फार थोड्या होत्या. जाळ्याने तिला काही दिलं नव्हतं, म्हणून सोडून जाताना तिला काही गमवायचंही नव्हतं आणि तिला थोपवण्यात कोणाचं हित नव्हतं. बाजार बदलला तेव्हा तिच्या आई-बापांनी सरळ बाजाराकडे पाहिलं. मुलींच्या बाबतीत उच्च आणि कनिष्ठ जातींमधलं इंग्रजी माध्यमाचं अंतर झपाट्याने कमी झालं. मुलग्यांच्या बाबतीत ते तसं मिटलं नाही.

या निष्कर्षाचा आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरवता येत नाही. मुली पुढे गेल्या याचा आनंद निखळ आहे. पण त्यांना मोकळी वाट मिळाली ती आधीच्या पिढ्यांनी त्यांना मोजलं नव्हतं म्हणून. उपेक्षेतून चुकून हाती आलेल्या स्वातंत्र्यावर समाजाने समाधान मानू नये.

मराठी शाळेचं काय?

मराठी शाळांच्या ओसरत्या पटावर आपण दरवर्षी हळहळतो. त्या चर्चेत ही पाहणी काळजीपूर्वक वाचायला हवी. इंग्रजी माध्यमात मूल जास्त शिकतं, असं ती म्हणत नाही. तिने मोजली ती कमाई आणि शाळेची निवड. तीही एका भागातली, एका कालखंडातली. तरीही एक गोष्ट ती स्पष्ट करते. इंग्रजी शाळेचा अर्ज आणणारी आई भाषेशी बेइमानी करत नसते. बाजाराने लावलेला भाव तिला कळलेला असतो. आणि कालपर्यंत मराठी शाळेत टिकून राहिलेल्या मुलग्यांपैकी कित्येक जण तिथे भाषाप्रेमापोटी नव्हते. चुलत्याच्या ओळखीच्या भरवशावर होते. तो भरवसा गिरण्यांबरोबर गेला.

हंटर आयोगापुढे 1882 साली निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी विचारलं होतं की रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का जातो. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा केला. मूल काय शिकणार हे घरची मिळकत आणि जातीची ओळख यांवर सोडू नये, हाच त्या दोघांचा आग्रह होता. दादरची आकडेवारी तोच आग्रह नव्या भाषेत मांडते.

म्हणून मराठी शाळा वाचवायची असेल तर तिथे इंग्रजी इतकं पक्कं शिकवलं पाहिजे की माध्यमाच्या निवडीने मुलाचा पगार ठरू नये. नोकरीची दारं अशी उघडली पाहिजेत की आत जायला कोणाचा शब्द लागू नये. तसं झालं तर पहिलीचा अर्ज भरताना आई-बापांना आपली माणसं की मुलाचं भवितव्य, अशी निवड करावी लागणार नाही. आणि बहीण-भाऊ एकाच शाळेत, आपल्या भाषेत शिकून, एकाच वाटेने पुढे जातील.